मोटारसायकलचें हँडल कां थरथरतें ?

नाशिकच्या द्वारका चौकांत मुंबई-आग्रा महामार्ग व पुण्याकडे जाणारा रस्ता हे एकमेकांस मिळतात. आमच्या शाळेंतील मुलांचे पुष्कळसे वडील, काका व वडील बंधू दररोज ह्याच चौकांतून सातपूर, अंबड, सिन्नर किंवा नाशिकरोड येथें कामास जातात, आणि त्यांतील बहुतेकांचें वाहन मोटारसायकल हेंच होय. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां हा चौक म्हणजे मोटारसायकलची एक चांगली परीक्षाच आहे. गर्दींत माणसाच्या चालीनें पुढें सरकतांना जी गाडी सरळ रेषेंत राहत नाहीं तिच्यांत एक दोष असतो. आणि चौक मागें पडून रस्ता मोकळा झाल्यावर ताशीं पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगांत जिचें हँडल हातांत थरथरूं लागतें तिच्यांत दुसरा. दोष निराळे, कारणें निराळीं आणि उपायहि निराळे. परंतु तरुण मंडळींत हल्लीं अशी एक समजूत पसरली आहे कीं, हँडल थरथरलें कीं स्टीअरिंग डॅम्पर नांवाची नळी विकत आणून बसवावी म्हणजे काम झालें. ही समजूत कितपत खरी आहे तें पदार्थविज्ञानाच्या आधारें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, चालत्या दुचाकीचें पुढचें चाक सरळ कां राहतें. हँडल ज्या आंसाभोंवतीं वळतें तो आंस उभा नसून मागें कललेला असतो. ती तिरपी रेषा मनानें खालीं वाढवीत नेली, तर ती जमिनीस जेथें मिळते तो बिंदु टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढें पडतो. ह्या दोन बिंदूंमधील अंतरास ट्रेल म्हणतात. साधारण मोटारसायकलमध्यें तें आठ ते अकरा सेंटिमीटर असतें. म्हणजे टायर हा आपल्या वळण्याच्या आंसामागून ओढला जात असतो, आणि चाक जरा वांकडें झालें कीं रस्त्याचें घर्षणच त्यास सरळ करतें. रुग्णालयांतील ढकलगाडीचीं लहान चाकें आपण ढकलूं त्या दिशेस आपोआप फिरून मागें राहतात, तीहि ट्रेलचीच करामत होय. पण तीच ढकलगाडी मुलांनीं जरा जोरानें ढकलून पाहावी. एखादें चाक लागलीच उजवीकडे-डावीकडे फडफडूं लागतें. असें कां व्हावें ? चाकास सरळ करणारें बल त्यास मध्यावर आणतें खरें, पण मध्यावर येईपर्यंत चाकास वेग आलेला असतो. तें मध्यावर थांबत नाहीं, पलीकडे जातें, आणि तेथून पुन्हां परत लोटलें जातें. झोपाळ्याचें जें होतें तेंच येथें होतें. मोटारसायकलचें थरथरणारें हँडल म्हणजे मोठ्या आकाराची हीच फडफड.

झोपाळ्यास त्याच्या स्वतःच्या लयींत थोडथोडा धक्का देत गेलें तर तो पाहतां पाहतां उंच जातो, हें आपणांस ठाऊक आहे. मोटारसायकलच्या हँडलची स्वाभाविक लय साधारण सेकंदास ६ ते १० हेलकाव्यांची असते. आतां नववी-दहावीच्या मुलांनीं एक लहानसें गणित करावें. चाकाचा परीघ १·९ मीटर धरा. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास १६·७ मीटर. ह्यास १·९ नें भागलें असतां सेकंदास सुमारें ८·८ फेरे येतात. ताशीं ५० च्या वेगांत ७·३ येतात. म्हणजे रिंगेस ‘आऊट’ असेल, टायर एका बाजूस झिजलेला असेल किंवा चाकाचें वजन एकीकडे जास्त असेल, तर तें चाक दर फेऱ्यास हँडलला एक धक्का देईल, आणि तो नेमका हँडलच्या लयींत पडेल. म्हणूनच ही थरथर ठराविक वेगांत येते आणि वेग वाढविला कीं पुष्कळदां नाहींशी होते. कांहीं जण ह्यावरून ‘जोरांत पळविली कीं गाडी स्थिर होते’ असा शोध लावतात ! गाडी स्थिर झालेली नसते. धक्क्याची व हँडलची लय जुळेनाशी झालेली असते, इतकेंच.

ह्या थरथरीहून वेगळा असा दुसरा विकार आहे, त्यास आपण डोल म्हणूं. थरथरींत केवळ हँडल व पुढचें चाक हालतें. डोलांत सारी गाडी स्वारासकट सापासारखी इकडून तिकडे वळवळते. त्याची लय संथ, सेकंदास २ ते ४ हेलकाव्यांची असते. तो बहुधा अधिक वेगांत, आणि मागें ओझें असतांना येतो. दुचाकीच्या तोलाचीं समीकरणें इंग्लंडांत व्हिपल व फ्रान्सांत कार्व्हालो ह्यांनीं १८९९ च्या सुमारास मांडलीं होतीं. पण टायरची लवचीकता हिशेबांत घेऊन मोटारसायकलची थरथर व डोल हे दोन निरनिराळे विकार आहेत असें गणितानें स्पष्ट करून दाखविलें तें रॉबिन शार्प ह्या इंग्रज अभियंत्यानें, १९७१ च्या आपल्या निबंधांत. त्या निबंधांतून निघालेली एक गोष्ट प्रत्येक तरुणानें ध्यानांत धरण्यासारखी आहे: हँडलला डॅम्पर लावला असतां थरथर दबते, परंतु मोठ्या वेगांतील डोल मात्र वाढण्याकडे कल होतो. एका रोगाचें औषध दुसऱ्या रोगास पोसतें असा हा प्रकार आहे.

हा डॅम्पर म्हणजे आहे तरी काय ? कचेरीच्या दारास वर एक यंत्र बसविलेलें असतें, जेणेंकरून दार धाडकन न आपटतां सावकाश मिटतें. त्यांत तेल असतें, आणि तें तेल बारीक छिद्रांतून जातांना दाराचा वेग खातें. स्टीअरिंग डॅम्पर हीहि तशीच तेलाची नळी. तिचें एक टोंक चासीस व दुसरें फोर्कास बांधलेलें असतें. हँडल हळू वळविलें तर ती फारसा विरोध करीत नाहीं, झटक्यानें वळलें तर पुष्कळ करते. ही कल्पना नवी नव्हे. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या पुष्कळ विलायती मोटारसायकलींस हँडलच्या मध्यभागीं एक चक्री असे. ती आवळली म्हणजे आंतील चकत्या एकमेकींवर घासून हँडल जड होई. साइडकार जोडलेल्या गाडीस ती विशेष उपयोगी पडे, कारण अशा गाडीचें हँडल कमी वेगांतहि हालतें. पुढें फोर्क सुधारले. १९३५ सालीं जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें दुर्बिणीसारखा आंतबाहेर सरकणारा व तेलानें हिसका मारणारा फोर्क आपल्या गाडीस बसविला. आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक साऱ्या गाड्यांचे फोर्क त्याच वंशांतले आहेत. रोजच्या वापराच्या गाडीस कारखान्यांतून डॅम्पर येत नाहीं, ह्याचें कारण कारखानदाराची कंजुषी नव्हे. गाडी निरोगी असतां तिला त्याची जरूर पडत नाहीं.

तेव्हां हँडल थरथरूं लागलें कीं विचारावयाचा प्रश्न हा कीं, काल न थरथरणारी गाडी आज कां थरथरते ? कांहीं तरी झिजलें, सैल झालें किंवा वांकलें असलें पाहिजे. गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आपली गाडी घेऊन शाळेंत आले. ते सिन्नरकडून दूध आणतात. मागें दोहों बाजूंस कॅन लटकलेले असतात. कॅन भरलेले असतां गाडी डोलते व रिकामे असतां हँडल थरथरतें, अशी त्यांची तक्रार होती, आणि एका गॅरेजवाल्यानें त्यांस डॅम्पर बसविण्याचा सल्ला दिला होता. आम्हीं ती गाडी पटांगणांत मेन स्टँडवर लावून वर्गासमक्ष तपासली. तो क्रम येथें देतों. घरोघरच्या पालकांस तो उपयोगी पडेल.

पहिली तपासणी हवेची. साधी गोष्ट म्हणून ती सर्वांत जास्त विसरली जाते. टायर थंड असतांना, गाडीच्या पुस्तिकेंत सांगितली आहे तेवढी हवा हवी; मागें माणूस बसणार असेल तर मागच्या चाकास अधिक सांगितलेली असते ती. ह्या गाडीच्या मागच्या चाकांत बरीच कमी निघाली. मग टायरचा आकार पाहिला. महामार्गावर सरळ धांवून धांवून टायर मधोमध सपाट होतो, व अशा टायरवर गाडी एकाएकीं वळते. त्यानंतर चाक हातानें फिरवून रिंगेजवळ खडू धरला. रिंग सरळ असेल तर खडूची रेघ सर्वत्र सारखी उमटते.

पण खरा चोर बहुधा कोनसेटांत सांपडतो. कोनसेट म्हणजे हँडल ज्या गोळ्यांवर फिरतें तें बेअरिंग. एकानें मागून गाडी दाबून पुढचें चाक उचललें, दुसऱ्यानें फोर्काचीं खालचीं टोंकें दोहों हातांनीं धरून मागेंपुढें हालवलीं. खट् असा आवाज आला किंवा बोटांस ढिलेपणा जाणवला तर कोनसेट सैल. मग हँडल एका बोटानें हळू हळू ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावें. मध्यावर येतांच तें खांचेंत बसल्यासारखें अडकलें, तर समजावें कीं वर्षानुवर्षें खड्ड्यांचे धक्के एकाच जागीं बसून गोळ्यांनीं वाट्यांत खळगे पाडले आहेत. ह्या गाडीचें तसेंच झालें होतें. आतां पुष्कळ मिस्त्री येथें काय करतात, तर कोनसेट न बदलतां वरची नट कचकचून आवळतात. ढिलेपणा जातो, पण हँडल जड होतें, आणि गर्दींतून हळू जातांना गाडी दारू प्याल्यासारखी रेंगाळत जाते. दुचाकी हळू चालतांना तिचें हँडल क्षणोक्षणीं किंचित् वळून तोल सांवरीत असतें. तें वळूंच दिलें नाहीं तर स्वारास आपल्या अंगानें तोल सांवरावा लागतो. द्वारकेच्या गर्दींत सरळ न राहणाऱ्या गाडीचा जो दोष आम्हीं आरंभीं सांगितला तो पुष्कळदां हाच असतो. आणि अति आवळलेला डॅम्पर लावल्यानें नेमका हाच दोष पैसे देऊन विकत घेतला जातो.

मागच्या चाकाचा चिमटा ही पुढची जागा. चिमट्याचे दोन्ही दांडे धरून आडवे हालवावे. बुश झिजले असतील तर मागचें चाक स्वतःच्या मनानें दिशा बदलूं लागतें, व डोलाचें हें एक ठळक कारण आहे. चेन ताणतांना दोहों बाजूंच्या खुणा सारख्या ठेविल्या नाहींत तर चाक तिरपें बसतें. दोन्ही चाकांच्या कडेनें एक लांब दोरी ताणून धरली कीं तें तात्काळ दिसून येतें.

इतकें झाल्यावर मग स्प्रिंगांकडे वळावें. येथें आम्ही जरा थांबूं, कारण ह्या विषयाशीं आपल्या नाशिकचा संबंध आहे. आपण ज्यास शॉकअप म्हणतों ते दुचाकी व तीनचाकी गाड्यांचे शॉकअप अंबडच्या औद्योगिक वसाहतींत गॅब्रिएल इंडिया कंपनीच्या कारखान्यांत तयार होतात. ही कंपनी १९६१ सालीं स्थापन झाली. तिकडे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथें एन्ड्युरन्सचे कारखाने आहेत. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे पालक असल्या कारखान्यांतून काम करतात, आणि त्यांस पुढील मजकूर आमच्याहून अधिक ठाऊक असेल.

शॉकअपमध्यें दोन वस्तु असतात. स्प्रिंग गाडी उचलून धरते, आणि आंतील तेल स्प्रिंगेची उसळी मारतें. दोहोंचीं कामें वेगळीं. तेल गळून गेलें किंवा पातळ पडलें तर गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळां उसळत राहते. सीटवर जोर देऊन एकदम सोडावें. गाडीनें एकदां वर येऊन स्थिर झालें पाहिजे. फोर्काच्या नळीवर तेलाचा ओशटपणा दिसला तर ऑईल सील गेलें आहे, आणि तें तेल ओघळून डिस्क ब्रेकवर जाण्याचा धोका असल्यानें हें काम उद्यांवर टाकूं नये. उलट, फोर्कांत सांगितल्याहून जाड तेल भरलें तर दुसरीच अडचण येते. महामार्गावरील रंबलरच्या ओळीवरून जातांना एका धक्क्यानें दबलेला फोर्क वर येण्याच्या आंतच दुसरा धक्का बसतो, आणि फोर्क दबतच जाऊन दगडासारखा होतो. पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें व मापाचेंच तेल घालावें.

स्प्रिंगेची बैठक मोजणें हा मुलांनीं करण्याजोगा प्रयोग आहे. गाडी मेन स्टँडवर असतां मागचें चाक मोकळें लोंबतें. एक्सलपासून सीटखालील एखाद्या ठराविक बिंदूपर्यंतचें अंतर फितीनें मोजून लिहावें. नंतर गाडी चाकांवर उतरवून, रोज जो चालवितो त्यास रोजच्या ओझ्यासह बसवावें, एकानें गाडी सरळ धरावी, व तेंच अंतर पुन्हां मोजावें. दोहोंतील फरक म्हणजे बैठक. चाकाच्या एकंदर हालचालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी ती असावी. चाकाची हालचाल १० सेंटिमीटर असेल तर अडीच ते सव्वातीन. ह्याहून जास्त निघाली तर शॉकअपच्या खालची खांचांची रिंग पुढच्या खांचेवर सरकवावी, आणि दोन्ही बाजूंची सारखीच सरकवावी. येथें एक गैरसमज दूर करूं. खांच वाढविल्यानें स्प्रिंग ‘कडक’ होत नाहीं. हूकच्या नियमाप्रमाणें, सरळ गुंडाळीच्या स्प्रिंगेस दर सेंटिमीटर दाबण्यास जेवढें बल पूर्वीं लागे तेवढेंच आतांहि लागतें. केवळ गाडीची मागची उंची वाढते. पण ही उंचीच महत्त्वाची आहे. मागची बाजू फार बसली तर भार मागें जातो, पुढचें चाक हलकें पडतें व त्याची रस्त्यावरील पकड कमी होते. ती फार उचलली तर हँडलचा आंस अधिक उभा होऊन ट्रेल कमी होतें, आणि गाडी चंचल होते.

दूधवाल्या गृहस्थांच्या गाडीची रिंग सर्वांत खालच्या खांचेवर होती, आणि त्यावर दोन भरलेले कॅन, तेहि मागच्या एक्सलच्याहि मागें लटकलेले. ओझें जितकें मागें व जितकें उंच तितका डोल अधिक. कोनसेट व चिमट्याचे बुश नवे बसविले, हवा भरली, रिंग दोन खांचा चढविली, आणि कॅनचे आंकडे पुढें व खालीं सरकवून घेतले. थरथर पार गेली. भरल्या कॅनांनिशीं वेग वाढविला तर किंचित् डोल अद्याप येतो; तेव्हां भरलेल्या गाडीनें ते सावकाश येतात. ओझ्याचा नियम गणितानें ठरविलेला आहे, त्यावर सुट्या भागांचा इलाज नाहीं. एकाच गाडीवर आईबाप व दोन मुलें पाहण्याची आपल्या डोळ्यांस संवय झाली आहे. कायदा चालकामागें एकाच माणसास बसूं देतो, त्यामागें हेंहि एक कारण समजावें.

चालतां चालतां हँडल थरथरलें तर काय करावें ? दांत खाऊन हँडल आवळूं नये. हातांच्या ताणानें थरथर पुष्कळदां वाढते. ब्रेक एकदम दाबूं नये, कारण त्यानें सारा भार पुढच्या चाकावर येतो. गुडघ्यांनीं टाकी धरावी, अंग किंचित् पुढें झुकवावें, हँडल धरलेलें पण मोकळें ठेवावें, आणि ॲक्सिलरेटर हळू हळू सोडून वेग उतरूं द्यावा. हात सोडून गाडी सरळ जाते कीं नाहीं हें महामार्गावर पाहणें हा मूर्खपणा होय. विद्यार्थ्यांपुरतें सांगावयाचें तर अठरा वर्षें पूर्ण होण्यापूर्वीं गीअरची मोटारसायकल चालविण्यास मनाईच आहे, आणि २०१९ च्या कायद्याच्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. फीत, खडू व दोरी घेऊन गाडी तपासण्यास मात्र वयाची अट नाहीं.

मग डॅम्पर कोणीं लावावा ? शर्यतीच्या अतिवेगवान गाड्यांस तो कारखान्यांतूनच येतो. त्यांचा हँडलचा आंस अधिक उभा, ट्रेल कमी, आणि वेग काढतांना पुढचें चाक जवळजवळ उचललें जात असतें. तें पुन्हां रस्त्यास टेकतांना वांकडें असेल तर हँडलास जबर हिसका बसतो. तेथें डॅम्पर हें योग्य यंत्र आहे. आपल्या गाडीची वर सांगितलेली सारी तपासणी होऊन, सारें ठीक निघूनहि कोणास तो बसवावयाचाच असेल, तर त्यानें इतकें करावें. बसविल्यावर हँडल दोहों बाजूंस शेवटपर्यंत वळतें कीं नाहीं, व वळतांना नळी टाकीस किंवा केबलीस अडत नाहीं ना, हें गाडी उभी असतांनाच पाहावें. डॅम्परची चक्री सर्वांत मोकळ्या खुणेपासून सुरू करावी व एका वेळीं एकच खूण वाढवावी. प्रत्येक खुणेनंतर गाडी एकदां मोकळ्या मैदानांत माणसाच्या चालीनें चालवून पाहावी. सरळ रेषेंत राहण्यास अंग हालवावें लागलें तर एक खूण मागें यावें. आणि दर पावसाळ्यानंतर डॅम्परचें एक टोंक सोडून, हँडल मोकळें करून, कोनसेट पुन्हां हातानें तपासावा, कारण डॅम्पर लावलेल्या गाडींत कोनसेट झिजल्याचें हँडल आपण होऊन सांगत नाहीं.